मेलिंग लिस्ट : डागडुजीची पन्नास वर्षं

ऑक्टोबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्यांची 'लिसा' परिषद भरली. ब्रेंट चॅपमन यांनी तिथे एक निबंध मांडला. 'रिक्वेस्ट'च्या मेलना उत्तरं न देता मी १७ मेलिंग लिस्ट कशा सांभाळतो, असं त्याचं शीर्षक होतं. त्या काळी हे काम करणाऱ्या सगळ्यांचं गाऱ्हाणं त्या एका ओळीत आलं होतं.

मेलिंग लिस्ट म्हणजे एक पत्ता. त्यावर आलेली मेल यादीतल्या प्रत्येकाला जाते. यादीत नाव घालायचं, तर यादीच्या नावापुढे 'रिक्वेस्ट' जोडलेल्या वेगळ्या पत्त्यावर लिहायचं, अशी रीत होती. तो पत्ता एका हाडामांसाच्या माणसाचा असे. नाव घाला, नाव काढा, नोकरी बदलली म्हणून पत्ता बदला, असल्या मेल वाचून तो एक फाइल उघडायचा आणि तिच्यात एखादी ओळ घालायचा किंवा पुसायचा. बहुतेकांना या कामाचा वेगळा पगार नसे. नेहमीची नोकरी सांभाळून ते हे करत. १७ याद्यांचं हे ओझं चॅपमन यांनी पर्ल भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर टाकलं. त्या प्रोग्रॅमचं नाव मेजरडोमो.

या सॉफ्टवेअरचा इतिहास शोधांपेक्षा दुरुस्त्यांचा जास्त आहे. आज एखाद्या यादीचं सेटिंगचं पान उघडलं की पर्यायांची रांगच लागते. त्यातला जवळपास प्रत्येक पर्याय कुठे तरी काही तरी बिघडलं म्हणून आलेला आहे. आणि एका बिघाडावर केलेला उपाय पुढे दुसऱ्या बिघाडाचं कारण ठरला, असं या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

सुरुवात अर्पानेट या जाळ्यावर झाली. १९७५ मध्ये स्टीव्ह वॉकर यांच्या पुढाकाराने 'एमएसजीग्रुप' ही यादी निघाली आणि आयनार स्टेफरूड यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. चर्चेचा विषय होता ईमेलच: हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत, काय असावं, काय नसावं, उत्तर कुणाला जावं. थोडीथोडकी माणसं होती, तोवर हाताने सांभाळून भागत होतं. अडचण झाली ती माणसं वाढल्यावर, आणि तीही आधी दुसऱ्याच एका जाळ्यावर.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे आयरा फुक्स आणि येलचे ग्रेडन फ्रीमन यांनी बिटनेट उभारलं. विद्यापीठांतल्या आयबीएमच्या मोठ्या संगणकांना ते जोडत असे आणि त्याच्या तारा सेकंदाला ९६०० बिट वाहून नेत. आज मोबाइलने काढलेला एक साधा फोटोही त्या तारेवरून यायला तासाच्या आसपास लागला असता. अमेरिकेतल्या माहिती केंद्रावरून याद्या चालत, नावं माणूसच नोंदवी, आणि पॅरिसमधल्या दहा जणांना एकच मेल जायची असली तरी अटलांटिकपलीकडे तिच्या दहा प्रती निघत. पॅरिसच्या एकोल सांत्रालमध्ये शिकणाऱ्या एरिक तोमा या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये याद्या चालवणारा 'लिस्टसर्व्ह' हा प्रोग्रॅम नव्याने लिहून या दोन्ही गोष्टी बदलल्या. आता सभासदाने सर्व्हरला थेट हुकूम पाठवायचा, 'सबस्क्राइब', पुढे यादीचं नाव आणि स्वतःचं नाव, की नाव दाखल. शिवाय वेगवेगळ्या देशांतले लिस्टसर्व्ह एकमेकांना ओळखू लागले. समुद्रापलीकडे एकच प्रत जायची आणि तिथला सर्व्हर ती आपल्या भागात वाटायचा. तारा तेवढ्याच राहिल्या आणि त्यांच्यावर कितीतरी जास्त याद्या चालू लागल्या.

माणूस मधून बाजूला झाला आणि एक नवाच बिघाड दिसू लागला. कुणी तरी रजेवर जाताना 'मी सध्या कार्यालयात नाही' असं आपोआप उत्तर लावून जायचं. यादीची मेल आली की ते उत्तर यादीलाच परत जायचं, यादी ते सगळ्यांना वाटायची, ते पुन्हा त्या रजेवरच्या माणसाच्या खात्यात यायचं आणि तिथून पुन्हा उत्तर निघायचं. दोन यंत्रं रात्रभर एकमेकांशी बोलत राहायची आणि सकाळी शेकडो माणसांच्या खात्यांत तीच ओळ साचलेली असायची. 

यावरचे उपाय एकाच्या डोक्यातून निघाले नाहीत. बर्कलेत सेंडमेल हा मेल पोहोचवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांनीच रजेच्या उत्तराचा 'व्हेकेशन' हा प्रोग्रॅमही लिहिला. हेडरमध्ये 'प्रेसिडेन्स : बल्क' असं असेल, तर हा प्रोग्रॅम गप्प बसतो, म्हणून याद्या प्रत्येक मेलवर ती ओळ घालू लागल्या. लिस्टसर्व्हने वेगळी वाट धरली. नुकतीच वाटलेली मेल पुन्हा आली तर तो ती ओळखून परत करतो, आणि एका दिवसात ठरावीक संख्येपेक्षा जास्त मेल आल्या तर यादी आपोआप थांबवतो. ही मर्यादा, न बदलल्यास, ५० ची असते. पुढे आलेला मेलमन हा याद्यांचा प्रोग्रॅम 'एक्स-बीनदेअर' नावाची स्वतःची खूण घालू लागला. ती खूण घेऊन मेल परत आली, की आपलीच आहे हे त्याला कळतं.

माणसांच्या फेऱ्याला मात्र हेडरची ओळ पुरत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलॅम डीएल३' नावाच्या अंतर्गत यादीत सुमारे १३,००० पत्ते आहेत हे एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं. मी या यादीत का, माझं नाव काढा, अशी त्याने यादीलाच मेल केली. मग 'माझंही' अशी उत्तरं सगळ्यांना जाऊ लागली, आणि सगळ्यांना उत्तर देऊ नका हे सांगणारी उत्तरंही सगळ्यांनाच गेली. दीड कोटीच्या आसपास मेल निर्माण झाल्या. एका मेलला किती पत्ते चालतील, यावर मर्यादा घालण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये आली ती या अनुभवातून.

आता मेजरडोमोकडे परत. तो बसवणाऱ्यांच्या पिढीला तीन गोष्टी पाठ झाल्या होत्या: अलायस, परवानग्या आणि 'आउटगोइंग'. कुठल्या पत्त्यावरची मेल कुठे जायची हे सांगणाऱ्या सेंडमेलच्या अलायस फाइलमध्ये प्रत्येक यादीच्या पाच-सात ओळी लिहाव्या लागत. एका ओळीत मेल 'रॅपर' नावाच्या छोट्या सी प्रोग्रॅमकडे जायची, तो ती 'रीसेंड'कडे द्यायचा, आणि तिथून ती यादीच्या नावापुढे 'आउटगोइंग' जोडलेल्या पत्त्यावर जायची. सभासदांची फाइल या शेवटच्या पत्त्याला जोडलेली असे. रॅपरच्या मालकीत किंवा परवानग्यांत जराशी चूक झाली की सगळं बंद पडायचं, आणि चुकीचा संदेश इतका मोघम असे की नवख्या माणसाचा दिवस त्यातच जायचा. 'आउटगोइंग'चा पत्ता मात्र कुणालाही सहज ओळखता यायचा. थेट त्यावर मेल टाकली, की मंजुरी, सभासदत्वाची तपासणी, सगळं ओलांडून ती सर्वांपर्यंत जायची. म्हणून जाणकार यादीचालक त्या पत्त्याच्या जागी अर्थहीन अक्षरांची माळ ठेवत. दस्तऐवजात नसलेलं हे शहाणपण एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. जून १९९४ मध्ये संगणकसुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट या संस्थेनेही मेजरडोमोमधल्या त्रुटींबद्दल इशारा काढला आणि १.९२ ही आवृत्ती घ्या असं सांगितलं.

मेजरडोमोमधलं 'ॲडमिनिस्ट्रिव्हिया' हे सेटिंग या साऱ्या इतिहासाचा चांगला नमुना आहे. लोक 'अनसबस्क्राइब' असं लिहून मेल यादीलाच पाठवत आणि हजार जणांना ती वाचावी लागे. म्हणून मेजरडोमो मेलच्या पहिल्या काही ओळींत असे हुकूम शोधू लागला आणि सापडला की मेल यादीचालकाकडे वळवू लागला. मग 'यादीतून बाहेर कसं पडायचं' हे दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्याची मेलही अडकू लागली. माझी मेल गेली का नाही, असं विचारणारी त्याची पुढची मेल पुन्हा यादीचालकाकडेच यायची.

पण या कामातला सर्वांत किचकट भाग परत आलेल्या मेलचा. यादीचालक इंग्रजीत त्यांना 'बाउन्स' म्हणतात आणि मराठीतही आता तोच शब्द रुळला आहे. हजार सभासदांच्या यादीत रोज कुणी ना कुणी नोकरी सोडतं, खातं भरतं, सर्व्हर बंद पडतो. या परत आलेल्या मेल जायच्या कुठे? लग्नपत्रिकेत आत निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, पण पाकिटावर परतीचा पत्ता पत्रिका पाठवणाऱ्या काकांचा असतो; ईमेललाही तशीच दोन नावं असतात. आतलं 'फ्रॉम' वाचणाऱ्याला दिसतं, बाहेरचा परतीचा पत्ता फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. १९८९ च्या आरएफसी ११२३ या नियमपत्राने स्पष्ट केलं, की यादीने बाहेरचा पत्ता बदलून तिथे यादीचालकाचा घालावा आणि आतला तसाच ठेवावा. त्यामुळे लेखकाच्या डोक्यावर परत आलेल्या मेलचा ढीग पडायचा थांबला. तो यादीचालकाकडे आला.

आणि तो ढीग वाचणं म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक सर्व्हरची परतीची चिठ्ठी वेगळ्या भाषेत, वेगळ्या घडणीत. काहींत मूळ पत्ताच नसे. मेल विद्यापीठातल्या जुन्या खात्यावरून नव्या खात्याकडे वळवलेली असेल, तर चिठ्ठीत नव्या खात्याचं नाव यायचं आणि ते यादीत सापडायचंच नाही. १९९६ मध्ये परतीच्या चिठ्ठीचा प्रमाणित नमुना ठरला, पण तो सगळ्यांनी पाळला नाही. क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी चिठ्ठी वाचण्याचा नादच सोडला. त्यांनी प्रत्येक सभासदाला जाणाऱ्या प्रतीवर वेगळा परतीचा पत्ता घातला आणि त्या पत्त्यातच सभासदाचा पत्ता गुंफला. आता चिठ्ठी कुठल्याही भाषेत येवो, ती ज्या पत्त्यावर आली त्यावरूनच कुणाची ते कळणार. या युक्तीला 'व्हर्प' म्हणतात आणि या सबंध इतिहासातली सर्वांत देखणी दुरुस्ती हीच. तिची किंमतही आहे. सगळ्यांना मिळून एक प्रत देण्याऐवजी प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी लागते, म्हणजे एरिक तोमाने वाचवलेली वाहतूक इथे पुन्हा खर्ची पडते. तारा रुंद झाल्या होत्या म्हणून ते परवडलं.

मेलमन तर एका अपघातातून वाचलेला. जॉन व्हिएगा यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या यादीसाठी तो लिहिला आणि डिस्क बिघडल्याने त्यांच्याकडची मूळ प्रत गेली. पायथन भाषेच्या याद्या मेजरडोमोवरून हलवायच्या म्हणून केन मॅनहायमर यांनी तो आधीच उतरवून घेतलेला होता. त्या प्रतीवरून काम पुढे सुरू झालं. बॅरी वॉर्सॉ यांनी ते हाती घेतलं. १९९९ मध्ये १.० आवृत्ती आली, २००२ च्या अखेरीस २.१, आणि ही २.१ पुढची दोन दशकं जगभर चालली. मार्क सपीरो यांनी तिची देखभाल वर्षानुवर्षं केली आणि विचारणाऱ्या यादीचालकांना धीराने उत्तरं दिली.

मेलमनने सेटिंग वेबपानावर आणली, म्हणजे सर्व्हरवर खातं नसलेल्या शिक्षकाला, कार्यकर्त्याला किंवा कवीलाही यादी चालवता आली. मोडतोड करून पाहणाऱ्यांसाठीही त्यात जागा होती. प्रत्येक मेल एका साखळीतून जाते: आधी मंजुरीची तपासणी, मग रोखून धरायचं का, मग हेडर घडवणं, मग दिवसभराच्या संकलनासाठी प्रत, मग संग्रहासाठी, शेवटी बाहेर. या साखळीत स्वतःची एक छोटी पायथन फाइल घुसवता यायची. कुणी तिच्या मदतीने मेलला जोडलेले मोठे फोटो काढून टाकले, कुणी ठरावीक विषयाच्या मेल दुसऱ्या यादीकडे वळवल्या. मेलमनच्या काही सवयी मात्र खटकणाऱ्या होत्या. दर महिन्याच्या १ तारखेला तो सभासदांना त्यांचे पासवर्ड उघड्या अक्षरांत आठवण म्हणून पाठवायचा, आणि ही पद्धत मेलमन ३ येईपर्यंत टिकली.

आपल्याकडच्या जुन्या आणि चिवट याद्यांपैकी एक म्हणजे गोवानेट. हर्मन कार्नेरो यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली. आखातातले, कॅनडातले, इंग्लंडमधले आणि पणजी-मडगावातले गोंयकार तिच्यावर एकत्र आले आणि पुढे ती मेलमनवर चालली. गोवानेटची भाषा मुख्यतः इंग्रजी, म्हणून लिपीची अडचण तिला फारशी आली नाही. मराठी माणसाला आली. ईमेलची जुनी यंत्रणा सात बिटांच्या अक्षरांचीच हमी देत असे आणि त्यात देवनागरी बसत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिला जाई. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सने अशा लेखनाला शिस्त दिली आणि छापताना त्याची देवनागरीही करून दिली.

युनिकोड आल्यावर अडचण सुटली असं वाटलं, पण ती यादीच्या पोटात शिल्लक होती. मेलमन २.१ मध्ये इंग्रजी यादीची अक्षरपद्धती मुळात 'यूएस-आस्की' ठरलेली. सभासदाला थेट आलेली देवनागरी मेल नीट दिसायची, पण त्याच मेलच्या जागी वेबवरच्या संग्रहात आणि दिवसभराच्या संकलनात प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटायच्या. अनेक यादीचालकांनी फॉन्ट बदलून पाहिले, ब्राउझर बदलले. उपाय एका ओळीचा होता. मेलमनच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये इंग्रजीची अक्षरपद्धती यूटीएफ-८ आहे असं पुन्हा जाहीर करायचं आणि सर्व्हर नव्याने सुरू करायचा. विषयाच्या ओळीची गत आणखी वेगळी. हेडरमध्ये देवनागरी सांकेतिक अक्षरांत बांधून पाठवावी लागते. 'मराठी' हा एक शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट घेतो आणि बांधल्यावर, मागच्या-पुढच्या खुणा धरून, ३२ अक्षरांचा होतो. अशा एका बांधणीला ७५ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब मराठी विषय अनेक तुकड्यांत तोडावा लागतो. तोडताना एखाद्या प्रोग्रॅमने अक्षराच्या मधोमध घाव घातला, तर ते अक्षर वाचणाऱ्यापर्यंत धड पोहोचत नाही.

एप्रिल २०१४ च्या पहिल्या आठवड्यात सगळ्याच याद्यांवर संकट आलं. याहूच्या पत्त्यांची नक्कल करून फसव्या मेल जात होत्या, म्हणून याहूने डीमार्क या पद्धतीचा सर्वांत कडक पर्याय लावला: 'फ्रॉम'मध्ये याहूचा पत्ता असलेली मेल याहूच्या सर्व्हरवरून आल्याचं किंवा तिच्यावर याहूची अखंड डिजिटल सही असल्याचं सिद्ध झालं नाही, तर ती नाकारा. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. मेलिंग लिस्ट इथे दोन्ही बाजूंनी अडकल्या. मेल यादीच्या सर्व्हरवरून जाते, आणि विषयापुढे कंसात यादीचं नाव किंवा तळाशी दोन ओळी घातल्या की मूळ सही मोडते. वीस वर्षं सोय म्हणून वापरलेली दोन सेटिंग एका रात्रीत घातक ठरली.

पुढचं तर अधिक क्लेशकारक. याहूवाल्या सभासदाने यादीवर लिहिलं, की ती मेल जीमेल आणि हॉटमेल नाकारायचे आणि परतीची चिठ्ठी तिथल्या सभासदाच्या नावावर चढायची. मेलमनची बाउन्स मोजण्याची रीत अशी: दिवसाला जास्तीत जास्त एक गुण, आणि पाच गुण झाले की त्या सभासदाची मेल बंद. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, ज्यांची खाती ठणठणीत होती, अशा जीमेलवाल्यांची मेल आठवडाभरात बंद पडली. मेलेले पत्ते गाळण्यासाठी इतक्या कष्टाने घडवलेली यंत्रणा जिवंत माणसांनाच गाळू लागली.

मेलमनच्या २.१.१६ आवृत्तीत यावरचा एक उपाय आधीच होता, मे २०१४ च्या २.१.१८ मध्ये तो फक्त अशा कडक पत्त्यांपुरता लावता येऊ लागला. 'फ्रॉम'मध्ये लेखकाच्या पत्त्याऐवजी यादीचा पत्ता घालायचा आणि नाव 'अमुक, तमुक यादीमार्फत' असं दाखवायचं. यादी चालली, पण मेल कुणी लिहिली हे सांगणारं हेडर खोटं झालं. उत्तर कुणाला जावं, हा चिप रोझेन्थल आणि सायमन हिल यांच्या निबंधांनी गाजवलेला जुना वाद त्यामुळे पुन्हा उकरून निघाला. उत्तराचा पत्ता सांगणाऱ्या 'रिप्लाय-टू' या हेडरला यादीने हात लावू नये असं मानणाऱ्यांनाही आता तिथे लेखकाचा पत्ता घालणं भाग पडलं, नाही तर त्याला एकट्याला लिहायची वाटच उरत नव्हती. २०१९ च्या 'आर्क' या पद्धतीत प्रत्येक मधला सर्व्हर मेल आपल्याकडे कशी आली याची साक्ष जोडतो, पण ती मानायची की नाही हे घेणाऱ्यावरच आहे.

लिनक्स कर्नलच्या याद्यांनी सरळ मार्ग घेतला. तिथे मेलमधून प्रोग्रॅमचे तुकडे जातात आणि एका अक्षराचा फरकही चालत नाही. पूर्वी मेजरडोमो तिथेही तळाशी यादी सोडायच्या सूचना जोडत असे. त्या काढल्या, विषयाला हात लावणं नाही, म्हणून मूळ सही शाबूत राहते. मेजरडोमोची तिथली दीर्घ चाकरी २०२३-२४ मध्ये संपली आणि त्याची जागा 'एमएलएमएमजे' या छोट्या सी प्रोग्रॅमने घेतली.

तळाची सूचना काढली तर यादीतून बाहेर कसं पडायचं? त्याचं उत्तर १९९८ मधल्या आरएफसी २३६९ मध्ये होतं: न दिसणाऱ्या हेडरमध्ये 'लिस्ट-अनसबस्क्राइब' ही ओळ घालायची आणि मेल वाचण्याच्या प्रोग्रॅमने तिचं बटण दाखवायचं. बटण सार्वत्रिक व्हायला फार वर्षं गेली. मधल्या काळात एक विचित्र तक्रार वाढली: मी काहीच दाबलं नाही, तरी माझं नाव गेलं. कारण सापडलं ते असं, की मेल तपासणारी सुरक्षायंत्रणा त्यातले दुवे उघडून पाहते, आणि बाहेर पडण्याचा दुवाही तिने उघडलेला असतो. म्हणून २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने ठरवलं, की नुसता दुवा उघडल्याने नाव जाणार नाही. मेलच्या प्रोग्रॅमने वेगळ्या पद्धतीने, 'पोस्ट' विनंती करून, तसं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना त्यांच्या जाहिराती आणि वर्गणीच्या मेलमध्ये जीमेल आणि याहूने हे बंधनकारक करायला सुरुवात केली. छोट्या यादीचालकाला त्याची सक्ती नाही, पण बटण सापडलं नाही की माणूस 'स्पॅम' दाबतो आणि त्याचा भार सर्व्हरच्या नावावर चढतो. त्यामुळे शंभर सभासदांची यादी चालवणारेही आता ती ओळ घालून घेतात.